लोणार मराठीतून कळत नाही?

गेल्या पालकसभेत एक गृहस्थ उभे राहिले. म्हणाले, "हेडसर, मराठीवर आमचं प्रेम आहेच, पण सायन्स मराठीतून कळत नाही. धाकट्याला इंग्लिश मीडियमला घालतोय." बऱ्याच माना डोलल्या. हेच गृहस्थ सीमाप्रश्नाच्या मोर्चात पहिल्या रांगेत असतात! सभेत मी गप्प बसलो. उत्तर आज देतो, एका विवराच्या साक्षीने.

बुलढाणा जिल्ह्यातले लोणार. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे, काठापासून दीडशे मीटर खोल विवर आणि तळाशी खारे सरोवर. विष्णूने लवणासुराला इथे मारले, असे स्थलपुराण सांगते. गावात दैत्यसूदनाचे देऊळ आहे. पुढे अनेक भूशास्त्रज्ञांनी हे ज्वालामुखीचे मुख मानले. 1973 साली तळाखालच्या खडकाचे नमुने तपासून पुरावा मांडला गेला. त्यात मॅस्केलिनाइट सापडले. फेल्डस्पार हे खनिज प्रचंड आघाताने काचेसारखे होते, ते हे मॅस्केलिनाइट. एवढा दाब ज्वालामुखीत निर्माण होत नाही. म्हणजे आकाशातून अशनीच आदळला!

सांगा, यात मराठी कुठे अडली? उलट ती मदतीलाच धावते. लवणाचे लोण झाले, लोणापासून लोणचे. लोणार म्हणताच पाणी खारे, हे चौथीतले पोरही ओळखील. ज्या काळ्या दगडात, बेसाल्टात, हे विवर पडले, त्याच दख्खनच्या लाव्हाथरांची दक्षिण कड आपल्या बेळगावापर्यंत येते. चंद्रावरचे काळे डागही बेसाल्टचेच. म्हणून तिथली विवरे समजून घ्यायला शास्त्रज्ञ लोणारचा अभ्यास करतात. 2020 च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवले. विवराचे वय एका पद्धतीने सुमारे 52 हजार वर्षे येते, दुसऱ्या पद्धतीने सुमारे 5 लाख 70 हजार. हा वादही वर्गात रंगू शकतो, अस्सल मराठीत.

मग विज्ञान कळत नाही ते का? पालकहो, निम्मा दोष तुमचा, निम्मा आम्हा मास्तरांचा. मीसुद्धा वर्षानुवर्षे 'विवर' हा शब्द फळ्यावर लिहिला, व्याख्या घोकून घेतली आणि पुढच्या धड्याकडे वळलो. ओल्या मातीत गोटा टाकून कधी दाखवला नाही. घोकंपट्टी मराठीत केली काय, इंग्रजीत केली काय, पोराच्या डोक्यात अंधारच! इंग्रजी उत्तम शिकवलीच पाहिजे, त्यात वाद नाही. पण समजण्याची भाषा काढून घेऊन पाठ करण्याची भाषा हाती देणे, याला मी शिक्षण म्हणत नाही. आणि ज्या भाषेत आपण पोरांना जग समजावून सांगत नाही, ती भाषा नुसत्या घोषणांनी टिकत नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी मातीची परात आणि गोटे घेऊन मी आठवीच्या वर्गावर जाणार आहे. त्या गृहस्थांनाही निरोप धाडला आहे. धाकट्याला घेऊन या म्हणावं, मग ठरवा.