वर्गणी द्यायचीच, पण हक्काचं काय?

मैत्रिणींनो, वर्गणी आपल्याला नवीन नाही. गोंदिया जिल्ह्यात तर मुळीच नाही. कोणाचं घर जळालं, कोणाच्या पोराला नागपूरला मेडिकलमध्ये भरती केलं, की गावात पावतीपुस्तक निघतं. रोवणीच्या मजुरीतले वीस-पन्नास रुपये, बचत गटातून काढलेली थोडी रक्कम, दिवाळीनंतरच्या मंडईत फिरवलेला डबा, असं करत करत पैसे जमतात. घरोघर फिरणाऱ्यांत बायका जास्त असतात आणि पदराची गाठ सोडून देणाऱ्यांतही त्याच जास्त असतात. या सवयीला नावं ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. शासन पोचत नाही तिथे शेजारीण पोचते, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

पण एक प्रसंग असा आहे, की तिथे हा डबा अपुरा पडतो. गावची मुलगी बी.एड. करते, परदेशातल्या शाळेत शिकवायला जाते, तिथे अपघातात जबर जखमी होते, आणि मग कळतं की तिचा विमाच नाही. दवाखान्याचं बिल तिकडच्या चलनात रोज वाढत जातं. अंथरुणाला खिळलेल्या बाईला परत आणायचं तर प्रवासी विमानात स्ट्रेचरसाठी अनेक जागा घ्याव्या लागतात, सोबत डॉक्टर किंवा परिचारिका लागते. नागपूरला उतरल्यावरची रुग्णवाहिका आणि पुढचे महिनोन्‌महिन्यांचे उपचार वेगळेच. आमगाव-तिरोड्याच्या बाजारात डबा फिरवून हे कसं भागणार?

कधी भागतंही. २०२४ मध्ये केरळच्या लोकांनी सौदी अरेबियात मृत्युदंड झालेल्या आपल्या एका कामगाराच्या सुटकेसाठी सुमारे ३४ कोटी रुपये जमवले. माणसांनी मनावर घेतलं तर काय होऊ शकतं, ते त्यातून दिसलं. पण केरळातल्या असंख्य घरांतलं कोणी ना कोणी आखातात आहे. त्यांच्या संघटना आहेत, वर्तमानपत्रं आहेत. आपल्या सालेकसा-देवरीच्या बाईमागे परदेशात एवढं गणगोत नाही. शिवाय प्रश्न फक्त पैशाचाही नसतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये सातारा जिल्ह्यातली एक विद्यार्थिनी कॅलिफोर्नियात वाहनाच्या धडकेने कोमात गेली. तिच्याजवळ जाण्यासाठी वडिलांना व्हिसा मिळायला दोन आठवडे गेले, तोही वर्तमानपत्रांनी आणि खासदारांनी आवाज उठवल्यावर. जिच्यासाठी कोणी आवाज उठवत नाही, तिचं काय होत असेल?

अशा वेळी पहिला प्रश्न हमखास येतो: “एवढी शिकलेली बाई, मग विमा का नाही काढला?” प्रश्न बाईलाच विचारला जातो. ती परदेशी का गेली, हे विचारलं जात नाही. इथे विनाअनुदानित शाळेत वर्षानुवर्षं अर्ध्या पगारावर किंवा बिनपगारी राबायचं, नाहीतर कॉलेजात तासिकेवर शिकवायचं. नियमाने नेमलेल्या शिक्षणसेवकांचंसुद्धा काय झालं? प्राथमिक शाळेतलं त्यांचं मानधन वर्षानुवर्षं महिना ६,००० रुपयेच राहिलं. ते १६,००० व्हायला २०२३ साल उजाडलं. अशा घरातली मुलगी दलालाला पैसे देऊन बाहेर जाते ती हौसेने नव्हे.

आणि विमा नसतो तो बहुतेक वेळा तिच्या विसरभोळेपणामुळे नसतो. संयुक्त अरब अमिरातीत नोकराचा आरोग्य विमा मालकाने काढायचा असा नियम आहे. १ जानेवारी २०२५ पासून तो सगळ्या अमिरातींत लागू झाला. पण नोकरीचा परवाना झाल्यावरच हा विमा मिळतो. भेटीच्या व्हिसावर नेऊन “परवाना मागाहून करू” म्हणत तिला वर्गावर उभं केलं, तर त्या काळात ती कागदोपत्री नोकरच नसते. प्रवासाला निघताना घेतलेला साधा प्रवास विमा कामावरच्या अपघाताला सहसा हात झटकतो. म्हणजे सगळ्यात कच्चा काळ तोच, आणि त्याच काळात ती उघड्यावर.

आता आपल्या सरकारचं पाहा. परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठी २००३ पासून प्रवासी भारतीय बीमा योजना आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास १० लाख रुपये आणि उपचारांसाठी १ लाखापर्यंत. १ लाख परदेशी दवाखान्यात किती दिवस पुरतील, हा भाग सोडा. या विम्याची सक्ती कोणासाठी आहे? ज्यांच्या पासपोर्टवर जाण्यापूर्वीच्या तपासणीची अट असते त्यांच्यासाठी, म्हणजे मुख्यतः दहावी न झालेल्यांसाठी, तीही ठरावीक १८ देशांत जाताना. दहावी झाली की तपासणीची अट सुटते, आणि तिच्याबरोबर विम्याची सक्तीही. आपली बी.एड. झालेली शिक्षिका शिकली, म्हणून यादीबाहेर गेली.

मग न शिकलेल्या बाईचं तरी भलं झालं का? तिला वयाची ३० वर्षं पूर्ण होईपर्यंत त्या देशांत कामाला जायलाच सरकार मनाई करत आलं आहे; परिचारिकांचा अपवाद. पुरुषाला ही अट नाही. बाईच्या रक्षणाचा आपल्याकडचा मार्ग तिचा रस्ता अडवण्याचा! गरज थांबत नाही, म्हणून ती दलालामार्फत भेटीच्या व्हिसावर जाते, आणि विम्याच्या कक्षेतून बाहेर पडते. शिकलेली आणि न शिकलेली, दोघी शेवटी एकाच उघड्या माळावर येऊन उभ्या राहतात.

एक दार आहे ते आपल्या कार्यकर्त्यांना माहीत हवं. भारतीय वकिलातींकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. परदेशात संकटात सापडलेल्या भारतीयांच्या तातडीच्या उपचारांसाठी तो वापरता येतो. हा निधी मुख्यतः वकिलातीच्या कामांसाठी आपल्याच लोकांकडून घेतलेल्या शुल्कातून उभा राहतो. पण नियम असा, की आर्थिक स्थिती पाहून, अत्यंत पात्र अशा प्रकरणांतच मदत द्यायची. पात्र कोण, हे ठरवणार अधिकारी.

‘पात्र’ या शब्दापाशी मला थोडं थांबायचं आहे, कारण वर्गणीचा डबाही हाच शब्द मनात धरून फिरतो. आपण ज्यांनी पावतीपुस्तकं फाडली आहेत त्यांना हे ठाऊक आहे. दारात उभं राहिलं की विचारतात, नवरा कुठे असतो? घरच्यांना विचारून गेली होती का? अपघात रात्री किती वाजता झाला? सोबत कोण होतं? कोणाची पोरगी, कोणत्या मोहल्ल्यातली? पुरुषासाठी डबा फिरतो तेव्हा “कमावता माणूस गेला” एवढं पुरतं. बाईसाठी फिरतो तेव्हा आधी तिचं चारित्र्य तपासलं जातं, आणि नोट मग डब्यात पडते. नवऱ्याला सोडून गेलेली, जातीबाहेर लग्न केलेली, सासरच्यांशी कोर्टात भांडणारी बाई जखमी झाली तर तिचं हाड काही कमी मोडत नाही. डब्यात पैसे मात्र कमी पडतात.

शिक्षिकेचं त्यातल्या त्यात बरं असतं. तिला माजी विद्यार्थी असतात, सहकारी असतात, गावात ‘मॅडम’ म्हणून मान असतो. त्याच शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बाईचं काय? २०२३ मध्ये तिचं मानधन महिना २,५०० रुपये झालं. भाताचा गंज अंगावर पडून ती भाजली तर तिच्यासाठी कोण पावतीपुस्तक छापतं? म्हणून मी म्हणते, की वर्गणी प्रेमाची असली तरी ती तोलूनमापून मिळते. हक्क असा मिळत नाही. ज्या दिवशी कामावर लागली त्या दिवसापासून तो तिचा. ती कशी बाई आहे हे कोणी विचारायचं नाही.

आणखी एक गोष्ट. शिक्षिकेचं काम हे काम मानायलाच आपली व्यवस्था कचरते. गोव्यातल्या एका शाळेने नोकरीवरून काढलेल्या शिक्षिकेच्या खटल्यात, ‘ए. सुंदरांबाळ विरुद्ध गोवा, दमण व दीव शासन’ या नावाने तो ओळखला जातो, १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की औद्योगिक विवाद कायद्याखाली शिक्षक ‘कामगार’ ठरत नाही. २००४ मध्ये ग्रॅच्युइटीच्या कायद्यातूनही शिक्षक बाहेर ठरले. २००९ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला तेव्हा कुठे ते आत आले. शिकवणं हे उदात्त कार्य आहे म्हणे. ३ जानेवारीला आपण सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालतो, आणि प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या हे भरल्या गळ्याने सांगतो. त्यांचा त्याग खराच. पण ज्यांना पगार आणि विमा द्यायचा नाही, त्यांनी त्या त्यागाची ढाल करावी का? उदात्त कार्य करणारीलाही पाय मोडल्यावर प्लास्टर लागतं.

हे बदलतं का? बदलतं. आशाताईंकडे पाहा. ‘स्वयंसेविका’ म्हणून त्यांनाही कामगारांच्या बाहेर ठेवलं होतं. मोर्चे, संप, आझाद मैदानातलं ठाण, हे सगळं झाल्यावर २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला: कामावर असताना अपघाती मृत्यू झाल्यास १० लाख आणि कायमचं अपंगत्व आल्यास ५ लाख रुपये, १ एप्रिल २०२४ पासून. रक्कम पुरेशी आहे असं मी म्हणत नाही. पण ती मिळताना आता कोणी त्यांचं चारित्र्य तपासणार नाही. हा फरक आहे वर्गणीत आणि हक्कात.

तर मग जखमी मैत्रिणीसाठी डबा फिरवायचा की नाही? फिरवायचाच. उद्या शस्त्रक्रिया असेल तर कायदा बदलेपर्यंत थांबता येत नाही. मात्र नीट फिरवू या. नोंदणी नसलेल्या गटाने सार्वजनिक वर्गणी काढायची तर कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाला कळवावं लागतं, ते टाळू नये. खातं तिच्या नावाने असावं. ती शुद्धीवर नसेल तर हिशेबात तिच्या माहेरचं माणूस आणि गटातल्या दोघी हव्यात. जमा-खर्च गावात वाचून दाखवावा. तिचा मलमपट्टीतला फोटो फलकावर लावून करुणा मागू नये. त्याच दिवशी वकिलातीला आणि खासदारांना पत्र जावं. परत आणल्यावर महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा लाभ मागावा. २०२४ पासून तिच्यात राज्यातल्या सर्व कुटुंबांना ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण यादीतल्या दवाखान्यांतच. बँक वर्षाला २० रुपये कापून देते तो अपघात विमा मृत्यू वा अपंगत्वासाठी आहे, दवाखान्याचं बिल तो भरत नाही, हेही बायकांना आधीच सांगून ठेवू या.

आणि प्रत्येक पावतीच्या मागे आपली मागणी छापू या. परदेशी कामाला जाणाऱ्या प्रत्येकीचा, दहावी झालेली असो वा नसो, विमा सक्तीचा करा आणि त्याचा भार मालकावर टाका. बाईच्या वयाची अट काढा, दलालावर अट घाला. शाळेत राबणाऱ्या प्रत्येकीला, शिकवणारी असो की शिजवणारी, पहिल्या दिवसापासून अपघात संरक्षण द्या.

२०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया होत्या. मोजणीत आपण जवळजवळ बरोबरीला आहोत. आता विम्याच्या यादीतही आपली नावं लागली पाहिजेत. तुमच्या गावात असा डबा फिरला असेल, तर त्यात किती जमलं, त्याहीपेक्षा दारादारांत काय विचारलं गेलं, ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या लढ्याला तो कागद उपयोगी पडेल.