वंगणाचं बोलणं फक्त पुरुषांचंच का?

बैलगाडीच्या आसाला वंगण लागतं, हे आमच्या मराठवाड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. गाडीखाली वंगणाचा नळा लटकलेला असे. चाक कुरकुरलं की चुलीपाशी बसलेली आजीसुद्धा ओरडायची, ‘‘अरे, वंगण संपलं वाटतं!’’ बैलगाडी गेली, मोटार आली आणि हे शहाणपण मात्र पुरुषांकडेच राहिलं. असं का बरं?

आमच्याकडे औंढ्याला जुनी अ‍ॅम्बॅसिडर आहे. या गाडीचं उत्पादन २०१४ मध्येच थांबलं, पण आमची अजून हिंगोली-परभणी करते. चालवते मीच. मध्यंतरी मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचे ओघळ दिसले. गॅरेजमध्ये सांगितलं, तर उत्तर मिळालं, ‘‘वहिनी, भाऊंना पाठवा, त्यांना समजावतो.’’ आता भाऊंना गाडी चालवताच येत नाही, त्याला काय करायचं?

खरं तर यात न समजण्यासारखं काय आहे? आक्सलच्या टोकाला रबराचं ऑईल सील असतं. ते झिजलं की आतलं तेल बाहेर येऊन ब्रेकच्या लायनरवर उतरतं आणि त्या चाकाचा ब्रेक नीट धरत नाही. श्रावणी सोमवारी नागनाथाच्या दर्शनाची गर्दी, गाडीत सासूबाई आणि लेकरं. तेव्हा ब्रेक लागला नाही तर काय होईल, हे बाईला समजावून सांगायला नको.

सील तसं स्वस्त असतं, मजुरीच जास्त. म्हणूनच काम उभं राहून करून घ्यावं. नवं सील बसवताना त्याच्या ओठाला थोडं ग्रीस लावलं का, हे बघावं. कोरडं सील लवकर फाटतं. तेलानं भिजलेला लायनर नुसता पुसून पुन्हा बसवू देऊ नये. नवं सील घालूनही गळत असेल तर ब्रीदर बुजलाय का, ते विचारावं. वाफ कोंडली की ती तेलाला बाहेर ढकलते. पुढच्या चाकांच्या बेअरिंगमधलं काळं पडलेलं ग्रीस धुऊन काढून मगच नवं भरायला सांगावं.

कुकरची रिंग सैल झाली की आपल्याला शिट्टीवरून कळतं. हेही तसंच आहे, मैत्रिणींनो. स्टिअरिंग आपल्या हातात असेल तर प्रश्नही आपणच विचारायला हवेत. आणि निघालेलं जुनं सील हातात मागून घ्या. हात काळे होतील, धुता येतात!