कुत्र्यांच्या सरावासाठी खास तळी: अमेरिकेत एवढा खटाटोप कशासाठी, आणि वाद कशाचा?

पाण्यात चेंडू फेकला की लॅब्राडॉर धपकन उडी मारतो. अशी रील्स आपण शेकडो वेळा पाहिली आहेत. मग पोहणं अंगातच असलेल्या या कुत्र्याला शिकवायला पोकलेन लावून तळं कशाला खणायचं? अमेरिकेत रिट्रीव्हर पाळणारे अनेक जण नेमकं हेच करतात. त्यामागे कुत्र्याच्या स्वभावाचं कारण आहे, आणि पुढे पाणथळ जमिनींच्या कायद्याचा मोठा प्रश्नही.

रिट्रीव्हरचं काम काय?

शिकाऱ्याने पाडलेलं बदक शोधून, दातांनी न फाडता परत आणून देणं. लॅब्राडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर या जाती त्यासाठीच तयार झाल्या. अमेरिकेत त्यांच्या मैदानी स्पर्धा १९३१ पासून होतात. राष्ट्रीय अजिंक्यपद १९४१ मध्ये सुरू झालं.

स्पर्धेत कुत्र्याला पक्षी पडलेली जागा लक्षात ठेवून सरळ रेषेत जावं लागतं. कधी पक्षी कुठे पडला हे त्याने पाहिलेलंच नसतं. तेव्हा शिट्टी आणि हाताच्या खुणांवर जायचं असतं.

साधं तळं का चालत नाही?

कुत्रा हुशार असतो. पोहण्यापेक्षा काठाने पळणं सोपं आणि झटपट, हे त्याला लगेच कळतं. पण काठाने वळसा घातला की दिशा चुकते, आणि दाट लव्हाळ्यात पडलेला पक्षी सापडत नाही. प्रशिक्षक याला 'चीटिंग' म्हणतात.

म्हणून सरावाची तळी मुद्दाम वेडीवाकडी असतात. पाण्यात घुसलेली जमिनीची टोकं, छोटी बेटं, अरुंद चर, तिरकस काठ. प्रत्येक वळणावर कुत्र्याला पाण्याबाहेर पडायचा मोह व्हावा आणि त्याने तो टाळावा, हा उद्देश. एक प्रकार लांबट, आयताकृती तळ्याचा. काठावर प्रशिक्षक आणि पाण्यात कुत्रा, दोघे समांतर जातात. कॅलिफोर्नियातले प्रशिक्षक रेक्स कार यांच्या पद्धतीतून हा सराव रुजला.

बांधताना काय पाहतात?

पहिली गोष्ट माती. मातीत साधारण २० टक्के चिकणमाती असेल तर पाणी टिकतं, नाहीतर बेंटोनाइट किंवा बाहेरची चिकणमाती आणावी लागते. दुसरी गोष्ट उतार. काठ सौम्य हवा, म्हणजे कुत्र्याला सहज आत-बाहेर करता येतं. आपल्याकडचं प्लास्टिक अंथरलेलं, उभ्या काठांचं शेततळं या कामाला धोकादायक ठरेल. पडलेल्या जनावराला त्यातून वर येणं कठीण जातं.

तिसरी गोष्ट पाण्याची गुणवत्ता. उथळ, कोमट, साचलेल्या पाण्यात खत वाहून आलं की निळं-हिरवं शेवाळ वाढतं. त्याच्या काही प्रकारांचं विष कुत्र्याचा काही तासांत जीव घेऊ शकतं. ऑगस्ट २०१९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात एका तळ्यात खेळलेली तीन कुत्री अशीच दगावली होती.

मग वाद कुठे आहे?

अमेरिकेच्या १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्यानुसार संरक्षित ओढ्यात किंवा पाणथळ जागेत भराव टाकायला केंद्राचा परवाना लागतो. शेतीच्या आणि गुरांच्या तळ्यांना सूट आहे. कुत्र्यांच्या सरावाचं तळं त्या सुटीत सहज बसत नाही. सूट असतानाही वाद होतातच. वायोमिंगमधल्या एका जमीनमालकाने ओढ्यावर गुरांसाठी तळं बांधलं, तर पर्यावरण यंत्रणेने दिवसाला ३७,५०० डॉलरपर्यंत दंडाचा इशारा दिला. प्रकरण २०१६ मध्ये दंडाविना मिटलं.

मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'सॅकेट' खटल्यात चित्र बदललं. नदी-नाल्यांशी पृष्ठभागावरून सलग जोडलेल्या पाणथळ जागाच आता केंद्राच्या संरक्षणात येतात. एकट्या पडलेल्या डबक्यांवर केंद्राचं बंधन उरलं नाही. काही राज्यांचे स्वतःचे नियम मात्र आहेत.

फायदा नेमका कोणाचा?

वरवर पाहता तळं खणणाऱ्यांचा. कागदपत्रं कमी, खर्च कमी. पण उत्तरेच्या गवताळ प्रदेशातली अशीच सुटी डबकी ही उत्तर अमेरिकेतल्या बदकांची सर्वात मोठी पैदासभूमी आहे. ती बुजली तर बदकं घटतील, आणि ज्या कामासाठी कुत्रा शिकवायचा तेच उरणार नाही. अलास्का आणि हवाई वगळता अमेरिकेने १७८० ते १९८० च्या दशकांदरम्यान निम्म्याहून जास्त पाणथळ जमीन आधीच गमावली आहे.

हे नातं शिकाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. १९३४ पासून त्यांना 'डक स्टॅम्प' विकत घ्यावा लागतो आणि त्याचा पैसा पाणथळ जागा राखायला जातो. १९५९ च्या स्टॅम्पवर तर किंग बक हा राष्ट्रीय विजेता लॅब्राडॉरच झळकला होता.

मधला मार्ग आहे का?

सार्वजनिक मैदानं हा एक मार्ग. विस्कॉन्सिनमध्ये लष्करी विमानतळासाठी घेतलेल्या आणि प्रकल्प बारगळल्यावर राज्याकडे आलेल्या जागेत आज कुत्र्यांच्या सरावाला राखीव भाग आहे. त्याच राज्यात पक्ष्यांच्या विणीच्या काळात, १५ एप्रिल ते ३१ जुलै, अनेक सरकारी जमिनींवर कुत्रा मोकळा सोडता येत नाही. नेमून दिलेल्या सरावाच्या जागा त्याला अपवाद.

दुसरा मार्ग जागा निवडण्याचा. ओल धरलेली जमीन सोडून पडीक शेतात तळं खणलं, काठावर गवत राखलं, तर कुत्र्यालाही पाणी मिळतं आणि बदकालाही. कायद्याने बंधन सैल केल्यावर ही निवड बऱ्याच अंशी तळं बांधणाऱ्याच्याच हातात आली आहे.