गरम मसाल्याचा डबा बंद ठेवा

आपल्या पॉटलकमध्ये हल्ली टाको येतात, पास्ता येतो, आणि बहुतेकांना आपला हात लागलेला असतो. टाकोवर चाट मसाला, पास्त्यात कढीपत्ता. गंमत म्हणून ते छानच लागतं. पण दुसऱ्यांचा स्वयंपाक खरोखर शिकायचा असेल, तर ही सवय आड येते. घरी कोलंबियन पदार्थ करायला घेणाऱ्यांना तर माझं स्पष्ट सांगणं आहे: मूळ चव जिभेवर बसेपर्यंत गरम मसाल्याचा डबा उघडू नका.

कोलंबियाच का? कारण तो आपल्या शेजारी आहे. न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समध्ये ७४व्या रस्त्यावर डाळ-पोहे घ्यायला आपण जातो, आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर रूझवेल्ट अॅव्हेन्यूवर कोलंबियन बेकऱ्या आणि किराणा दुकानं आहेत. शिवाय त्या दुकानांतलं सामान आपल्या ओळखीचं असतं: तांदूळ, राजमा, ओला नारळ, कच्ची केळी, साबुदाणा ज्याचा होतो तो कसावा कंद, आणि गूळ. गुळाच्या उत्पादनात भारताच्या खालोखाल कोलंबियाच येतो. तिथेही उसाचा रस मोठ्या कढयांत आटवून ढेपा पाडतात आणि गूळ गरम पाण्यात विरघळवून सकाळ-संध्याकाळ पितात. फसगत होते ती इथेच. सामान ओळखीचं दिसलं की हात आपोआप फोडणीकडे जातो.

नारळाच्या भाताचंच घ्या. कॅरिबियन किनाऱ्यावर, कार्ताहेना-बारांकियाच्या बाजूला, हा भात तळलेल्या माशाबरोबर वाढतात. नारळाचं घट्ट दूध जाड बुडाच्या पातेल्यात आटवायला ठेवतात. थोड्या वेळात ते फुटतं आणि तेल वेगळं होऊ लागतं. सोलकढी करणारा हात या क्षणी घाबरून गॅस बंद करील. इथे मात्र थांबायचं नाही. ढवळत राहिलं की खाली उरलेला चोथा त्या तेलातच तळला जातो, आधी बदामी आणि मग गडद तपकिरी होतो. याला ‘तितोते’ म्हणतात आणि सगळ्या भाताची चव त्याच्यावर उभी असते. तो करपायच्या आत थोडा गूळ किंवा साखर घालायची, तांदूळ परतायचे, मग पातळ दूध, मीठ आणि झाकण. भात तपकिरी, किंचित गोड आणि खमंग होतो. आता यात नारळीभाताच्या सवयीने चार लवंगा टाकून बघा. घरभर लवंगेचा वास येईल आणि तितोतेसाठी केलेली मेहनत पाण्यात जाईल.

‘पण ते जेवण फिक्कं असतं’ हा नेहमीचा आक्षेप. त्यात तिखट कमी असतं हे खरं. तिखट ताटाबाहेर असतं, वाटीत. मिरची, कोथिंबीर, पातीचा कांदा आणि व्हिनेगर यांचं ‘आही’ टेबलावर ठेवलेलं असतं, ज्याने त्याने हवं तेवढं घ्यावं. पदार्थात असतो तो ‘ओगाओ’: पातीचा कांदा आणि टोमॅटो तेलात मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं शिजवलेला, फार तर चिमूटभर जिरेपूड. आलं-लसणाच्या वाटणाशिवाय एवढ्या दोन भाज्या किती गोडी देतात, हे तो केल्याशिवाय कळत नाही.

दुसरा मुद्दा पिठाचा. आरेपा म्हणजे मक्याची जाडसर भाकरी, पण आपल्या दुकानातलं मक्याचं पीठ त्याला चालत नाही. ते कच्चं असतं, थापताना फुटतं. टॉर्टियाचं पीठही नको, त्याला चुन्याच्या निवळीची चव असते. लागतं ते ‘मासारेपा’: साल आणि अंकुर काढून, शिजवून, वाळवून दळलेलं पीठ. एक वाटी पीठ, साधारण सव्वा वाटी कोमट पाणी, मीठ. पाच-दहा मिनिटं झाकून ठेवा. थापताना कड फुटली तर हात ओला करा. तव्यावर मध्यम आचेवर दोन्ही बाजूंना पापुद्रा धरेपर्यंत भाजा. बोटाने टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की झालं.

यावर कुणी म्हणेल, शुद्धतेचा हा आग्रह कशाला? तांदूळ, ऊस, जिरं, केळी यांतलं काहीच मूळचं कोलंबियाचं नाही. सगळं स्पॅनिश लोक आल्यानंतरचं. मासारेपा तर कारखान्यातला माल. शेजारच्या व्हेनेझुएलात ‘पान’ नावाने ते १९६० साली बाजारात आलं. त्याआधी बायका लाकडी उखळात मका कांडत, मग शिजवून वाटत. सगळं मान्य. पण त्यातून माझंच म्हणणं पक्कं होतं. हे बदल रोज आरेपा खाणाऱ्यांनी स्वीकारले. कांडण्याचे कष्ट वाचले आणि आरेपा आरेपाच राहिला. चव माहीत असलेल्याने केलेला बदल वेगळा, आणि ती एकदाही न चाखता केलेली सुधारणा वेगळी.

शाकाहारी मंडळींची अडचण मात्र खरी आहे, तिला पळवाट नको. बोगोताचं ‘अहिआको’ हे कोंबडीचं सूप. त्यात तीन जातींचे बटाटे पडतात. त्यांतला छोटा पिवळा ‘क्रिओया’ विरघळून सूप दाट करतो, आणि ‘ग्वास्कास’ नावाचा पाला त्याला त्याचा वास देतो. हा पाला सुकवलेला आणि बटाटे गोठवलेले मिळतात. पण कोंबडी काढून पनीर घातलं तर ते बटाट्याचं चांगलं सूप होईल, अहिआको नाही. त्यापेक्षा जे मुळातच शाकाहारी आहे ते करा: चीज मळून केलेला आरेपा, ओगाओ, कच्ची केळी तळून, चेपून पुन्हा तळलेले ‘पाताकोनेस’, नारळाचा भात. आंतियोकियाकडचा राजमा डुकराच्या मांसाशिवायही उत्तम होतो. त्यात कच्चं केळं सुरीने न चिरता नखाने तोडून टाकतात आणि ते रस्सा दाट करतं. एवढं असताना नकली अहिआकोची गरज काय?

आपल्या पुरणपोळीत कुणी व्हॅनिला घातला तर आपण काय म्हणू, हे सांगायला नको. तेव्हा येत्या पॉटलकला ज्यांना जमेल त्यांनी एक कोलंबियन पदार्थ आणावा, त्यांच्या पद्धतीने केलेला, नावाची चिठ्ठी लावून, तिखट वेगळ्या वाटीत. दोन-चारदा तसा खाल्ल्यावर कढीपत्ता घालावासा वाटला, तर खुशाल घाला. तोवर काय बदलतोय हे तुम्हाला कळलेलं असेल.