बाकावर झोपलेला पोरगा आळशी नाही

सकाळच्या पहिल्या तासाला मागच्या बाकावर डोकं टेकवून झोपलेले दोन-चार विद्यार्थी आपल्या शहरातल्या कुठल्याही कॉलेजात दिसतात. 'शिष्यवृत्तीसाठी येतात, शिकायला नाही,' असा शेरा लगेच पडतो. वरच्या जातीच्या पोराने जांभई दिली की तो अभ्यासाचा ताण असतो. या शेऱ्यातली जात आम्ही ओळखतो.

तो पोरगा वाळूज एमआयडीसीतली रात्रपाळी उरकून थेट वर्गात आलेला असतो. शेजारच्या बाकावरची मुलगी पाण्यासाठी जागलेली असते; आठवडा-आठवडा नळ कोरडे राहणाऱ्या या शहरात पाणी कोणाची झोप बघून येत नाही. वर पोटात सकाळपासून फक्त चहा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. ही पेंग प्रेरणादायी भाषणाने उतरत नाही.

आता थोडं घरातलं. जयंतीला सलग 18 तास अभ्यासाचा उपक्रम होतो, तो जरूर व्हावा. पण त्याच व्यासपीठावरून 'बाबासाहेब 18 तास वाचायचे, तुम्हाला झोप येतेच कशी?' असं पोरांना सुनावलं जातं. हे आम्हाला अजिबात मान्य नाही. परळच्या चाळीतल्या एका खोलीत रामजीबाबा भीमरावांना रात्री दोनला अभ्यासाला उठवत, हे सगळे वक्ते सांगतात. ते आधी पोराला लवकर झोपवत आणि दोनपर्यंत स्वतः जागत, हे किती जण सांगतात? खोलीत जागा कमी होती, आणि झोपेचा पहिला हक्क शिकणाऱ्या पोराचा होता.

बाबासाहेबांच्या कामाचा क्रमही बघा. बहिष्कृत हितकारिणी सभेचं सोलापूरचं वसतिगृह 1925 चं. सिद्धार्थ कॉलेज 1946 चं, आपलं मिलिंद 1950 चं. आधी भाकरी आणि अंथरूण, मग वर्ग.

आज काय आहे? वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. आपल्यासारख्या शहरासाठी वर्षाला 51 हजार, त्यात जेवणाचे 28 हजार. म्हणजे दिवसाला 77 रुपये. यात दोन वेळचं मेसचं ताट बसवून दाखवावं. तेही हप्ता वेळेवर आला तर! हप्ता लांबला की पोरगा रात्रपाळी धरतो, आणि रात्रपाळी धरली की हजेरी जाते. झोपेचं महत्त्व सरकारला कळत नाही असंही नाही. मुलांची झोप पुरत नाही म्हणून फेब्रुवारी 2024 मध्ये शासनानेच चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नका असं सांगितलं. कामगार विद्यार्थ्यासाठी मात्र दुपारची किंवा संध्याकाळची तुकडी मागितली की प्राध्यापक नाहीत, खोल्या नाहीत.

म्हणून यंदा जयंती समित्यांनी डीजेचं भाडं कापावं आणि आपापल्या अभ्यासिकेत सकाळचा नाश्ता सुरू करावा. पोहे, उकडलेली अंडी, शेंगदाणे-गूळ, एवढं पुरे. वर्गात पेंगणारा कोणी दिसला तर कार्यकर्त्याने त्याच्याजवळ बसून विचारावं: रात्री कुठं होतास? जेवलास का? हप्ता कधी आला होता? उत्तरं तारखेसह वहीत लिहून घ्यावीत. समाजकल्याण कार्यालयात पुढचं निवेदन घेऊन जाऊ तेव्हा ती वही सोबत हवी.