तहान लागण्यापूर्वीची विहीर

मंदी आली म्हणजे सरकारने सार्वजनिक कामांवर सढळ हाताने खर्च करावा, हे तत्त्व आता बहुतेक देशांनी स्वीकारले आहे. परंतु तिजोरी उघडली की रस्ता तयार झाला, असे घडत नाही. पैसा एका सहीने मंजूर होतो. भूसंपादन, सर्वेक्षण, आराखडे आणि निविदा यांना मात्र वर्षे लागतात. बेकार झालेल्या मजुराची चूल तोवर थांबत नाही.

या बाबतीत अमेरिकेचा अनुभव बोधप्रद आहे. १७ फेब्रुवारी २००९ रोजी अध्यक्ष ओबामा यांनी ७८७ अब्ज डॉलरांच्या कायद्यावर सही केली. त्यांपैकी सुमारे साडेसत्तावीस अब्ज रस्ते व पूल यांसाठी होते. राज्यांनी आपल्या हिश्शातील निम्मी रक्कम १२० दिवसांत ठरावीक कामांना लावावी, अन्यथा ती इतर राज्यांकडे जाईल, अशी अट होती. सहीची शाई वाळते न वाळते तोच मिसुरी राज्यात ओसेज नदीवरील जुन्या पुलाच्या जागी नवा पूल बांधण्यास प्रारंभ झाला. यात चमत्कार काही नव्हता. कागदपत्रे अगोदरच सिद्ध होती, इतकेच! राज्यांनी मुदत पाळली खरी; पण पैशाचा मोठा वाटा रस्त्यांच्या पृष्ठभागाच्या दुरुस्तीत गेला. जे निकडीचे त्यापेक्षा जे हाताशी होते ते आधी झाले. तत्काळ सुरू करता येईल असे काम म्हणून काही नसतेच, अशी कबुली २०१० मध्ये खुद्द ओबामांनी दिली.

हा धडा आपल्यालाही लागू आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राने राज्यांना भांडवली कामांसाठी ५० वर्षांच्या मुदतीचे १२,००० कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले. ते ३१ मार्च २०२१ पूर्वी खर्च व्हावयाचे होते, आणि पहिला निम्मा हप्ता संपल्यावाचून दुसरा मिळावयाचा नव्हता. हीच योजना पुढे वाढली. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तिच्यासाठी दीड लाख कोटींची तरतूद झाली. अशा वेळी ज्या राज्याची जमीन ताब्यात नाही, त्याने काय करावे? २०११ मध्ये सुरू झालेले मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण दशक उलटूनही अपुरे राहिले, ही आठवण कोकणवासीयांना करून देण्याची गरज नाही.

आमच्या मते, प्रत्येक राज्याने रस्ते व पुलांच्या कामांची जिल्हावार यादी सदैव सिद्ध ठेवावी, ती विधिमंडळासमोर मांडावी आणि या पूर्वतयारीसाठी दरवर्षी स्वतंत्र तरतूद करावी. तयारी म्हणजे घाई नव्हे. शेतकऱ्याची हरकत ऐकणे, मोबदला ठरविणे, पर्यावरणाची तपासणी करणे, ही कामे निवांत काळातच नीट होतात. पैसा दारी आल्यावर घाईची पहिली कुऱ्हाड नेमकी त्यांच्यावरच पडते. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याला पाणी मिळालेच तर ते गढूळ मिळते. विहीर आज खणावी, हेच शहाणपणाचे होय.