उपदेश कीं विचारपूस?

तंबाखू खाणाऱ्या गृहस्थास व्याख्यान दिलें म्हणजे तो ती सोडील, ही समजूत आम्हां शिक्षकांत फार रूढ आहे. वस्तुतः उपदेश ऐकतांच तो तंबाखूचाच कैवार घेऊं लागतो. आणि मनुष्य जी बाजू स्वमुखानें मांडतो तीच त्याच्या मनांत दृढ होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनीं मद्यपी लोकांकरितां १९८३ सालीं मांडलेली संभाषणाची रीत ह्याच तत्त्वावर उभी आहे. आज तींत असें विचारतात: व्यसन सोडणें तुम्हांस शून्यापासून दहापर्यंत किती महत्त्वाचें वाटतें? तो 'तीन' म्हणाला, तर 'इतकें कमी कां?' असें न म्हणतां 'शून्य कां नाहीं?' असें पुसावें. मग मुलाबाळांचें नांव त्याच्याच तोंडून निघूं शकतें. बोलण्याचाच पेशा असलेल्या आम्हांस मध्येंच गप्प बसणें जड जाईल खरें. तरी पालकसभेंत तंबाखूवर भाषण ठेवण्यापेक्षां एकेका पालकाशीं एकांतीं बोलावें, असें आमचें मत आहे.